घर, गुरू आणि शाळा : केहिमकरांच्या ग्रंथाचे एक वाचन

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या सभेत एका पालकाने उभे राहून विचारले, "फादर, रविवारी एक तास धर्मशिक्षण आणि उरलेले सहा दिवस मुले दुसऱ्यांच्या शाळेत. आपल्या मुलांसाठी आपली स्वतःची शाळा असती, तर ती श्रद्धेच्या बाबतीत अशी कोरडी राहिली असती का?" त्यांचे बोलणे संपते न संपते तोच मागच्या बाकावरून रेल्वेत नोकरी करणारे दुसरे गृहस्थ म्हणाले, "वेगळ्या शाळेत घातली तर मुले वेगळीच होतील. उद्या त्यांना याच कर्जत-खोपोलीच्या माणसांत राहायचे आहे, हे विसरू नका." सभा दोन तट पडल्यासारखी झाली. दोघेही प्रामाणिक होते आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. मी मात्र "विचार करू" एवढे म्हणून प्रार्थनेने सभा संपवली. धर्मगुरूच्या तोंडचे "विचार करू" म्हणजे बहुधा पळवाट असते, हे माझे धर्मग्रामस्थ जाणतात. त्यांनी मला आदरापोटी सोडून दिले इतकेच.

त्या दिवसांत माझ्या वाचनात हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा बेने इस्राएल समाजाचा इतिहास होता. सभेतील प्रश्न मनात घेऊन तो ग्रंथ पुन्हा चाळू लागलो, तेव्हा असे ध्यानात आले की, याच प्रश्नाशी एका मराठी समाजाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी झुंज दिली होती, आणि तीही आपल्याच जिल्ह्यातून गेलेल्या माणसांनी. खोपोलीहून पेणचा रस्ता धरला की तासाभरात आपण त्यांच्या मुलखात पोहोचतो. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा येथे त्यांची सिनेगॉगे आहेत. त्यांना ते स्वतः 'मशीद' म्हणत. मुंबईत 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर 'जुनी मशीद' याच नावाने ओळखले जाई. केहिमकर हे आडनाव अलिबागजवळच्या किहीम गावाचे. आडनावात गाव, बोलीत मराठी आणि धर्मात मोशेचे नियमशास्त्र, असा हा समाज आहे.

केहिमकर हे केवळ इतिहासकार नव्हते. बेने इस्राएलांच्या मुलांसाठी मुंबईत 1875 साली इस्रायली शाळा सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. ग्रंथ त्यांनी 1897 साली लिहून पूर्ण केला. पण तो छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी, 1937 साली, तो तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. म्हणजे हा एका शाळा काढणाऱ्या माणसाने लिहिलेला इतिहास आहे, हे वाचकाने आरंभीच लक्षात घ्यावे. ग्रंथाचे बळ त्यात आहे आणि उणेपणही त्यातच आहे.

ग्रंथातील सर्वांत समृद्ध पाने कोणती, असे मला विचाराल तर मी समाजाच्या सणावारांची आणि घरगुती रीतींची पाने पुढे करीन. परंपरा सांगते की, नवगावजवळच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. कालांतराने हिब्रू भाषा विस्मृतीत गेली. उरली ती एक 'शमा' प्रार्थना, देव एकच आहे हे सांगणारी. सुंता असो, विवाह असो, जे काही मंगल वा गंभीर असेल तेथे तीच एक प्रार्थना म्हटली जाई. तेलाचा घाणा हा त्यांचा व्यवसाय. पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' असे नाव ठेवले. त्यांच्या सणांची नावे तर पाहा : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. हिब्रू नावे विसरली गेली होती. सण विसरले गेले नव्हते. ते चुलीपाशी जाऊन बसले आणि तेथे त्यांना मराठी नावे मिळाली. कर्जत-खालापूरच्या आपल्या भगिनींना वालाच्या बिरड्याची ओळख मी करून द्यायला नको. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे. या सगळ्या खटाटोपात यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस शतकानुशतके जपला गेला, हे वाचून मी काही वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

पुढे दाविद रहाबी नावाचा यहुदी कोकणात आला. परंपरा त्याला फार प्राचीन काळी नेते. अनेक अभ्यासक मात्र त्याचा संबंध अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. हे लोक खरोखर यहुदी आहेत की काय, याची परीक्षा त्याने कशी घेतली? त्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी पंख आणि खवले असलेले मासे तेवढे रांधायला घेतले व बाकीचे बाजूला सारले. आम्ही हे खात नाही, असे सांगितले. नियमशास्त्रातील अन्नाचा नियम त्यांना पाठ नव्हता, पण हाताला ठाऊक होता. रहाबीची खात्री पटली. मग त्याने तीन तरुण निवडून त्यांना धर्मविधींचे शिक्षण दिले. झिराटकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील हे तिघे पुढे समाजाचे काजी झाले.

या कथेतील एक गोष्ट केहिमकरांच्या नजरेतून निसटते. परीक्षा स्त्रियांची झाली आणि उत्तीर्णही त्याच झाल्या. पण शिकायला बसवले ते तीन पुरुष! ज्यांनी ठेवा सांभाळला त्यांना गुरूने काही शिकवल्याचा उल्लेख नाही. केहिमकरांच्या लेखी रहाबीपूर्वीचा काळ हा अज्ञानाचा आणि नंतरचा काळ हा उजेडाचा. शाळा काढणाऱ्या माणसाला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांनीच दिलेला पुरावा त्यांच्या निष्कर्षाच्या विरुद्ध साक्ष देतो. त्या 'अज्ञान' घरांनी जे टिकवले नसते, तर रहाबीला ओळखण्यासारखे काही उरलेच नसते. गुरू आला तो पेटता निखारा फुंकायला. निखारा त्याने आणला नव्हता.

एकोणिसाव्या शतकात या समाजाला दोन दिशांनी शिक्षक मिळाले. एकीकडून कोचीनचे यहुदी आले व त्यांनी उपासनेच्या रीती शिकवल्या. दुसरीकडून आले प्रोटेस्टंट मिशनरी. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्राएलांची मुले शिकू लागली, त्यांच्यातील काही जण तेथेच शिक्षकही झाले. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून सिद्ध केले. या सर्व खटपटीमागचा हेतू उघड होता : यहुद्यांनी ख्रिस्ती व्हावे. घडले ते वेगळेच. धर्मांतर केलेले फार थोडे. पण जुना करार मराठीत वाचायला मिळाल्यामुळे आणि हिब्रूची अक्षरओळख झाल्यामुळे हा समाज आपल्याच धर्माकडे अधिक डोळसपणे वळला. ज्या शाळा त्यांना बाहेर काढण्यासाठी उघडल्या, त्यांनीच त्यांना घराची वाट दाखवली. आपल्या ख्रिस्ती वाचकांनी हा भाग मोकळ्या मनाने वाचावा. देवाचा शब्द दिल्यावर तो कोठे आणि कसा रुजावा, हे पेरणाऱ्याच्या हाती नसते.

आता ग्रंथाच्या मध्यवर्ती विषयाकडे, म्हणजे शाळेकडे, वळू. येथे दोन सने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. 1874 साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्रीचे पुस्तक, हग्गादा, हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत सचित्र छापले गेले. त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या साडी नेसलेल्या स्त्रिया दिसतात. हग्गादा हे सिनेगॉगात वाचायचे पुस्तक नव्हे. ते घरच्या जेवणाच्या वेळी वाचायचे. त्या रात्री घरातील सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते की, आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का, आणि वडीलधाऱ्यांनी त्याला मिसर देशातून झालेल्या सुटकेची कथा सांगायची असते. असे हे पुस्तक घरासाठी आले 1874 मध्ये. आणि शाळा आली 1875 मध्ये. मुंबईतील एका समाजाने आधी उत्तर देणारे घर सज्ज केले आणि मग प्रश्न विचारायला शिकवणारी शाळा काढली, असे म्हणण्याचा मोह होतो. इतिहास इतका नेटका नसतो हे मला कळते. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे, असा माझा दावा नाही. पण त्या एकमेकींना पूरक होत्या, यात शंका नाही.

मिशनच्या आणि सरकारी शाळा असताना स्वतःची शाळा का हवी होती? अशा शाळेत हिब्रू आणि धर्म हे इंग्रजी-गणिताच्या पंगतीला बसतात. मुलाला कळते की, आपल्या आजीची प्रार्थना ही लपवायची गोष्ट नाही; तिलाही व्याकरण आहे, लिपी आहे, अभ्यास आहे. शनिवार पाळायचा की हजेरी लावायची, असा पेच त्याच्यापुढे उभा राहत नाही. धार्मिक शाळेचे खरे मोल, माझ्या मते, येथेच आहे. ती मुलाला श्रद्धा देत नाही. श्रद्धेबद्दल वाटणारा संकोच मात्र काढून घेते.

यहुदी परंपरेत या विचाराची मुळे फार खोल आहेत. ताल्मूद सांगतो की, आरंभी प्रत्येक बाप आपल्या मुलाला शिकवी. मग ज्यांना बाप नव्हता त्यांचे काय, असा प्रश्न पडला. तेव्हा यहोशवा बेन गमला या महायाजकाने नगरोनगरी शिक्षक नेमावेत व सहा-सात वर्षांची मुले त्यांच्याकडे धाडावीत, असे ठरवले. शाळा जन्मली ती पोरक्या मुलाच्या कणवेतून, हे विसरता कामा नये. त्याच ठिकाणी वर्गाचेही गणित दिले आहे : 25 मुलांना एक शिक्षक, 40 झाली तर मदतनीस, 50 झाली तर दोन शिक्षक. आणि आणखी एक नियम असा की, मुलांना शिकण्यासाठी नदीपार नेऊ नये. भक्कम पूल असेल तर न्यावे, नुसती फळी टाकलेली असेल तर नेऊ नये. श्रावणात उल्हास किंवा पाताळगंगा दुथडी भरून वाहते तेव्हा वाड्या-पाड्यांवरची मुले शाळेत कशी येतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या नियमामागचे मायाळू मन कळेल. याच ताल्मूदात बापाची कर्तव्येही सांगितली आहेत : मुलाला नियमशास्त्र शिकवावे, एखादा व्यवसाय शिकवावा, काहींच्या मते पोहायलाही शिकवावे. शाळा निघाली म्हणून बापाचे कर्तव्य संपले, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

ग्रंथाचे दोष सांगणे हेही समीक्षकाचे काम आहे. पहिला दोष भाषेचा. मराठी हीच ज्यांची मायबोली, त्यांचा हा इतिहास इंग्रजीत लिहिला गेला. त्याचे कारण ग्रंथाच्या सुरातच आहे. केहिमकर सतत कोणालातरी पटवून देत आहेत की आम्ही खरे आणि प्राचीन यहुदी आहोत. शाळेला लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनचे साहाय्य मिळत असे. तेव्हा तेथील वाचक त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. परिणाम असा की, ज्या किहीम-नवगावच्या बायाबापड्यांविषयी हा ग्रंथ आहे, त्यांना तो वाचता आला नसता. दुसरा दोष स्त्रियांविषयीच्या मौनाचा. तो वर आलाच आहे. तिसरा दोष असा की, शाळेच्या फलिताविषयी लेखक फार आशावादी आहे. शाळा निघाली, आता समाज तरला, असा त्याचा भाव आहे. संस्थापकाला असा भाव शोभतो. इतिहासकाराने थोडे अधिक सावध राहायला हवे होते.

पुढचा इतिहास केहिमकरांना पाहता आला नाही. 1930 च्या दशकात सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे माझगावच्या या शाळेला त्यांचे नाव मिळाले. 1922 ते 1950 अशी अठ्ठावीस वर्षे रिबेका रूबेन या विदुषी तिच्या मुख्याध्यापिका होत्या. 1905 च्या मॅट्रिक परीक्षेत त्या मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या; तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. रहाबीने ज्यांना शिकायला बसवले नाही, त्यांच्याच एका लेकीने समाजाची शाळा चालवली, हा मला काळाने केलेला न्याय वाटतो. पण पुढचेही ऐका : रिबेकाबाई स्वतः शिकल्या त्या पुण्याच्या हुजूरपागेत. बेने इस्राएलांच्या नामवंत स्त्री-वैद्य डॉ. जेरुशा झिराड याही तेथल्याच विद्यार्थिनी. आणि त्यांनी 1925 साली मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन ही धर्मसंस्था उभारण्यात पुढाकार घेतला. म्हणजे परक्या म्हणवणाऱ्या शाळेत शिकूनही माणूस आपल्या धर्माचा आधारस्तंभ होऊ शकतो. आमच्या सभेतील मागच्या बाकावरच्या गृहस्थांना ही दोन नावे मी आनंदाने भेट देईन.

1948 साली इस्राएल राष्ट्र जन्माला आले आणि पुढच्या काही दशकांत बहुसंख्य बेने इस्राएल तिकडे निघून गेले. आज माझगावच्या त्या शाळेत यहुदी मुले जवळजवळ नाहीत. बहुतेक विद्यार्थी मुसलमान आहेत. महाराष्ट्र शासनाने 2016 साली यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा जो हक्क दिला आहे, त्याच्या आधारावर आपल्याही शाळा उभ्या आहेत. पण यहुद्यांना हा दर्जा मिळाला तेव्हा शाळेत घालायला मुलेच उरली नव्हती. कायदा शाळेला संरक्षण देऊ शकतो. तिच्यात बसणारे मूल देऊ शकत नाही.

मग ही शाळा फसली असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. समाज गावातून मुंबईला जाणे शाळेच्या पुष्कळ आधीपासून सुरू होते. जुन्या मशिदीचे सनच ते सांगते. शाळेने माणसांना जागेवर बांधून ठेवले नाही, आणि ते तिचे कामही नव्हते. तिने त्यांना प्रवासाला लागणारी शिदोरी दिली. ही माणसे जेथे गेली तेथे यहुदी म्हणून गेली आणि मराठीही बरोबर घेऊन गेली. इस्राएलमधून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. आणि त्यांनी मागे ठेवलेल्या वास्तूत आज दुसऱ्यांची मुले शिकतात. आपल्यासाठी काढलेली शाळा शेजाऱ्याच्या उपयोगी पडावी, यापेक्षा धर्मशाळेचे चांगले उत्तरायुष्य कोणते?

आपल्या धर्मसभेच्या इतिहासातील एक योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा आणि यहुदी व इतर धर्मीयांशी असलेल्या नात्याविषयीचा जाहीरनामा एकाच दिवशी, 28 ऑक्टोबर 1965 रोजी, प्रसृत केला. पहिल्यात आईवडील हेच मुलांचे आद्य आणि प्रमुख शिक्षक होत, असे ठासून सांगितले आहे. दुसऱ्यात यहुदी जनतेशी असलेले आपले आध्यात्मिक नाते मान्य केले आहे. सेमिनरीत हे दोन्ही मी वेगवेगळ्या विषयांत अभ्यासले आणि वेगवेगळ्या वह्यांत लिहून ठेवले. केहिमकरांच्या ग्रंथाने त्या दोन वह्या प्रथमच एकत्र ठेवायला लावल्या.

तर त्या सभेतील प्रश्नाचे उत्तर. आपली शाळा असावी का? शक्य असेल तेथे जरूर असावी; आणि तिचे दार सर्वांना उघडे असावे. परंतु घर रिकामे असेल तर ती शाळा आपल्या मुलांना काही देऊ शकणार नाही. मी स्वतः अनेक वर्षे पालकांना सांगत आलो की, "मुलाला आमच्याकडे पाठवा, आम्ही पाहून घेऊ." ती माझी चूक होती, असे मला आता वाटते. आम्ही पाहून घेऊ शकत नाही. पहिल्या ख्रिस्तशरीर-संस्काराच्या वर्गात मी मुलांना विचारतो, घरी संध्याकाळची प्रार्थना कोण सांगते? गेल्या काही वर्षांत या प्रश्नावर मुले खाली पाहतात. त्यांच्या शाळेचे माध्यम कोणते, गणवेश कोणता, बस किती वाजता येते, याची चौकशी आम्ही सारेच करतो; या प्रश्नाची चौकशी कोणी करीत नाही.

बेने इस्राएलांजवळ कित्येक शतके ग्रंथ नव्हता, गुरू नव्हता, शाळा नव्हती. एक प्रार्थना होती, बंद ठेवलेला घाणा होता आणि बिरड्याचा सण होता. पुढे शाळा आली तेव्हा तिला काहीतरी शिकवण्याजोगे सापडले, ते यामुळे. केहिमकरांचा ग्रंथ कोणाला मिळाला तर त्याने शाळेची हकिकत वाचण्याआधी सणावारांची पाने वाचावीत, एवढीच माझी शिफारस आहे. आणि पुढच्या सभेत, शाळेचा ठराव मांडण्याआधी, मी पालकांना तोच प्रश्न विचारणार आहे जो मुलांना विचारतो. मागच्या बाकापासून सुरुवात करीन.